डीप रिम घेतली, आता हवा कुठून भरायची?

सायकलला डीप रिमची, म्हणजे नेहमीपेक्षा खोल कड्याची, नवी चाकं आली. ट्यूब बसली, टायर चढला, हौसेनं पंप उचलला आणि मग कळलं की पंप लावायला काही बाहेर आलेलंच नाही. रिमच्या भोकातून डोकावलं तर आत खोल कुठंतरी व्हॉल्व्हचं टोक चमकतंय, आडात पडलेल्या तांब्यासारखं. दर दोन-तीन महिन्यांनी मला असा एक फोन येतो. बहुतेक शनिवारी रात्री नऊनंतर, कारण रविवारी पहाटे पाचला राइड ठरलेली असते आणि दुकानांची शटरं खाली गेलेली असतात.

या दुखण्यावरचं औषध म्हणजे व्हॉल्व्ह एक्स्टेंडर. व्हॉल्व्हला जोडायची एक बारीक नळी, बस. चाकांच्या किमतीपुढे अगदी चिल्लर वस्तू. पण चुकीची घेतली, किंवा बरोबर घेऊन चुकीची बसवली, तर तेच महागडं चाक घाटात उभं राहतं. चुका करायच्या वाटाही बऱ्याच आहेत आणि मी त्यातल्या बहुतेक चालून झालोय.

आधी व्हॉल्व्ह ओळखा

गल्लीतल्या पंक्चरवाल्याच्या भाषेत सगळेच ‘वाल’. पण सायकलीला तीन जातीचे वाल येतात. जुन्या काळ्या सायकलीचा, ज्यात रबराची बारीक वालट्यूब चढवायची असते, तो डनलॉप किंवा वूड्स. मोटरसायकलीला आणि गाडीला असतो तसा जाड, तो श्रेडर. आणि रोड सायकलीचा बारीक, टोकाला इवलासा नट असलेला, तो प्रेस्टा. डीप रिमचं भोक जवळजवळ नेहमी प्रेस्टाच्या मापाचं, साडेसहा मिमीच्या आसपास असतं. श्रेडरला आठ मिमीच्या वर लागतं. तेव्हा ‘श्रेडरची ट्यूब आहे घरी, भोक थोडं मोठं करून घेऊ’ हा विचार कार्बन रिमच्या बाबतीत मनातही आणू नका. तिथं ड्रिल लावलं की रिमची वॉरंटी गेली आणि कदाचित रिमही गेली.

प्रेस्टा कसा चालतो एवढं समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. बाहेरून दिसते ती दांडी. दांडीच्या आत वरच्या बाजूला आटे पाडून बसवलेला असतो तो कोअर: एक बारीक खिळा, त्याच्या खालच्या टोकाला रबराचं बूच. ट्यूबमधली हवा त्या बुचाला आतून वर दाबते आणि व्हॉल्व्ह बंद राहतो. टोकावरचा छोटा नट हवा अडवत नाही, चुकून खिळा दाबला जाऊ नये म्हणून फक्त कुलूप लावतो. म्हणजे नट सैल राहिला तरी हवा जात नाही. हे लक्षात असू द्या.

अगरबत्तीच्या काडीनं मोजा

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘रिम किती एमएमची?’ आणि नवखा माणूस अभिमानानं ‘पन्नास’ किंवा ‘ऐंशी’ सांगतो. इथंच पहिली फसगत. रिमची खोली मोजतात ती टायर बसतो त्या बाहेरच्या काठापासून स्पोक शिरतात त्या आतल्या काठापर्यंत. ट्यूब मात्र बाहेरच्या काठावर बसत नाही. ती बसते त्या काठाच्या पाच-सात मिमी खाली, रिमच्या पन्हळीत. त्यामुळे व्हॉल्व्हला जेवढं अंतर कापायचं आहे ते रिमवर छापलेल्या आकड्यापेक्षा थोडं कमी असतं. किती कमी, ते रिमगणिक वेगळं.

मोजायची माझी पद्धत अशी. टायर आणि ट्यूब काढलेलं चाक मांडीवर घ्या. विझलेल्या अगरबत्तीची काडी स्पोकच्या बाजूनं व्हॉल्व्हच्या भोकात घाला. दुसऱ्या हाताचा अंगठा टायरच्या बाजूनं भोकावर सपाट दाबून ठेवा. काडीचं टोक अंगठ्याला टेकलं की स्पोकच्या बाजूला, रिमच्या अगदी कडेला, काडीवर नखानं खूण करा. काडी बाहेर काढा आणि पट्टीवर मोजा. माझ्या ५८ मिमीच्या रिमवर ही खूण ५२ वर आली. व्हर्निअर असेल तर उत्तमच, पण त्याच्या मागे लागून मोजमाप पुढच्या रविवारवर ढकलू नका. अगरबत्ती प्रत्येक घरात असते.

आता साधी बेरीज. काडीच्या मापात १५ ते २० मिमी मिळवा. एवढा व्हॉल्व्ह रिमच्या बाहेर दिसला तरच पंपाचं तोंड नीट पकडतं. १५ हे अगदी काठावरचं, ते चांगल्या दाबून बसणाऱ्या पंपाला पुरतं. पिशवीतल्या छोट्या पंपाला २० हवेतच. पण म्हणून ४० बाहेर ठेवू नका. लांब दांडी म्हणजे लांब तरफ. छोट्या पंपानं जोर काढताना हात हलतो, दांडी हलते आणि ट्यूबला चिकटवलेला दांडीचा पायथा फाटतो. तिथं फाटलेल्या ट्यूबला पॅच लागत नाही, ती थेट कचऱ्यात.

माझ्या बाबतीत ५२ अधिक २० म्हणजे ७२. घरातल्या ट्यूबचा व्हॉल्व्ह ४८ चा. म्हणजे २४ मिमी कमी पडतात. ३० चा एक्स्टेंडर घेतला की २६ मिमी बाहेर दिसतील, थोडे जास्त पण चालतील. २० चा घेतला तर १६ बाहेर. तेही चालेल, पण मग छोट्या पंपाशी झटापट ठरलेली.

एक्स्टेंडर खरंच लागतो का?

हा प्रश्न आधी विचारा, कारण माझं प्रामाणिक मत विचाराल तर एक्स्टेंडर न लागणं हाच सगळ्यात चांगला एक्स्टेंडर. प्रत्येक जोड म्हणजे हवा जायची एक नवी जागा. लांब व्हॉल्व्हची ट्यूब मिळत असेल तर ती घ्या आणि हा लेख इथंच सोडून द्या. बाजारात ४२, ४८, ६० आणि ८० मिमी व्हॉल्व्हच्या ट्यूब येतात. काँटिनेंटलच्या रेस ट्यूबचंच बघा, ४२, ६० आणि ८०, तिन्ही मापं आहेत.

३५-४० च्या रिमला ६० ची ट्यूब बिनधास्त पुरते. ५० च्या रिमला ६० चीच, पण काडी लावून खात्री करून घ्या, कारण तिथं बाहेर साधारण १५ मिमीच उरतात. ५८ ते ६० च्या रिमला ८० ची ट्यूब. त्याच्यापुढे गेलात, झिप ८०८ सारख्या ८०-८२ मिमीच्या चाकावर, तर ८० ची ट्यूबही पुरत नाही आणि साध्या रबरी ट्यूबला एक्स्टेंडरशिवाय गत्यंतर नसतं.

मग लोक एक्स्टेंडर घेतात ते का? एक तर उपलब्धता. पुण्या-मुंबईत ८० ची ट्यूब मागवून मिळते, पण तालुक्याच्या गावात सायकलच्या दुकानात प्रेस्टाची ट्यूब मिळाली हेच नशीब, आणि मिळाली तर ती छोट्या व्हॉल्व्हची. दुसरं, पुढचं चाक ५० चं आणि मागचं ८० चं असा जोड असतो. पिशवीत दोन मापांच्या ट्यूब बाळगण्यापेक्षा एकच ट्यूब आणि एक एक्स्टेंडर बरा. आणि तिसरं, ट्यूब टायरच्या आत शिवलेला ट्यूब्युलर टायर. त्याचा व्हॉल्व्ह बदलणं आपल्या हातात नसतं, तो वाढवावाच लागतो.

दोन जाती

एक्स्टेंडर मुख्यतः दोन प्रकारचे. दुकानदार दोन्हींना ‘एक्स्टेंशन’च म्हणतो, म्हणून काय हवं ते नीट सांगा.

पहिला कोअर बदलून लावायचा. ट्यूबच्या दांडीतला कोअर खोलायचा, त्या जागी एक्स्टेंडर आटे देऊन बसवायचा आणि तोच कोअर एक्स्टेंडरच्या वरच्या टोकाला लावायचा. व्हॉल्व्ह जणू वर सरकला. टोकाचा नट हाताशी येतो, खिळा दाबून हवा कमी करता येते, सगळं नेहमीसारखं. तोटा एकच, पण मोठा. खालचा जोड आता हवेच्या दाबाखाली असतो. तो जराही गळका राहिला की चोवीस तास हवा जात राहणार.

दुसरा टोपीसारखा चढवायचा. कोअर जागेवरच राहतो. त्याचा छोटा नट पूर्ण सैल करायचा आणि एक्स्टेंडर व्हॉल्व्हच्या टोकावरच्या आट्यांवर वरून चढवायचा. पान्याची गरज नाही, कुठल्याही प्रेस्टा ट्यूबला लागतो. आणि गंमत म्हणजे याचा जोड थोडा गळका असला तरी हवा फक्त भरताना जाते. भरून झाल्यावर बूच खाली, मूळ जागी बंद होतं. वर सांगितलं ना, नट हवा अडवत नाही. पण त्रासही आहेत. नट आतमध्ये उघडाच राहतो, आणि खडखडाटानं तो हळूहळू फिरून बंद झाला तर पुढच्या वेळी पंप मारून मारून हात दुखतील, हवा आत जाणार नाही. त्यावर उपाय म्हणजे नट वरच्या टोकापर्यंत फिरवून तिथं बोटांनीच हलकासा आवळून ठेवायचा. शिवाय हवा जास्त झाली तर खिळा दाबता येत नाही. जुन्या स्पोकचा तुकडा नळीतून आत घालून दाबावा लागतो.

नवख्यांना सगळे पहिलाच प्रकार सुचवतात, मीही सुचवतो, पण त्यात एक भर घालतो. घरच्या चाकात कोअरचा लावा आणि सीटखालच्या पिशवीत टोपीचा ठेवा. रस्त्यावर पंक्चर झालं, आपली ट्यूब वाया गेली आणि सोबत्यानं त्याची छोट्या व्हॉल्व्हची ट्यूब दिली, तर पान्याशिवाय, टेपशिवाय, दोन बोटांनी बसतो तो हाच.

ट्यूबचा कोअर निघतो का, ते आधी बघा

कोअरचा एक्स्टेंडर घ्यायचा तर कोअर निघणारा हवा. सगळ्यांचा निघत नाही. टोकाच्या नटाच्या खाली बारकाईनं बघा. आट्यांच्या दोन समोरासमोरच्या बाजू कानशीनं घासल्यासारख्या चपट्या दिसल्या तर कोअर निघतो. तिथं पाना बसतो. सगळीकडून गोल असेल तर तो कायमचा बसवलेला. त्याला पक्कड लावून पिळू नका, ट्यूब जाईल.

कोअर खोलायचा प्लास्टिकचा किंवा ॲल्युमिनियमचा छोटा पाना वेगळा मिळतो. घ्याच. मी सुरुवातीला बारीक तोंडाच्या पकडीवर काम भागवलं, आणि एका कोअरच्या चपट्या बाजू इतक्या गोल केल्या की तो पुढे कोणत्याच पान्याला दाद देईना.

हल्ली रबराऐवजी प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या पातळ टीपीयू ट्यूब आल्या आहेत, तळहातावर मावणाऱ्या, पिवळ्या, गुलाबी रंगांच्या. त्यांच्यापैकी काहींची दांडी प्लास्टिकची असते. प्लास्टिकच्या आट्यांत धातूचा एक्स्टेंडर पिळला तर आटे जातात, आणि जोर आणखी लावला तर दांडी ट्यूबपासून पिळवटते. टीपीयू वापरायची असेल तर लांब व्हॉल्व्हचीच घ्या, त्या ८० च्या पुढेही मिळतात.

दुकानात हातात घेऊन काय बघायचं

लांबी सगळ्यात आधी, पण पाकिटावरची नाही. काही कंपन्या एक्स्टेंडरची एकूण लांबी छापतात. त्यातले खालचे आटे तर ट्यूबच्या दांडीत गडप होणार. खरी वाढ तेवढीच, जेवढी आट्यांच्या वरच्या खांद्यापासून टोकापर्यंत आहे. पाकीट पारदर्शक असेल तर पट्टी लावून तेवढंच मोजा. ऑनलाइन घेताना फोटोच्या भरवशावर राहू नका, हवेपेक्षा पाच-दहा मिमी जास्तीचा मागवा.

जाडी तितकीच महत्त्वाची. एक्स्टेंडर रिमच्या भोकातून जायला हवा. टोपीचे काही नग अंगानं जाड असतात, विशेषतः स्वस्तातले. ते व्हॉल्व्हवर झकास बसतात आणि भोकाच्या तोंडाशी अडकतात.

खालच्या आट्यांच्या मुळाशी बारीक ओ-रिंग आहे का बघा. असेल तर टेपचा बराचसा जाच वाचतो. एक्स्टेंडरच्या अंगावरही पाना लावायला चपट्या बाजू हव्यात. पूर्ण गोल, चकचकीत, सुंदर दिसणारा एक्स्टेंडर घट्ट कसा करणार? घट्ट केलाच तर काढणार कसा? पितळ की ॲल्युमिनियम, यात मी नवख्यांना पितळ सांगतो. दोन-तीन ग्रॅम जास्त वजन, पण आटे सहज जात नाहीत. ॲल्युमिनियमचा एक माझ्या हातात मधूनच मोडला होता आणि त्याचा अर्धा तुकडा दांडीत अडकून बसला.

बसवायचा कसा

ही सगळी कामं ट्यूब रिममध्ये घालण्याआधी करायची. नंतर खालचा जोड रिमच्या पोटात जातो आणि हाताला लागत नाही.

ट्यूबमधली हवा पूर्ण काढा, कोअर खोला आणि वाटीत ठेवा. टेबलावर ठेवाल तर तो घरंगळत फ्रिजखाली जाईल, ही माझी खात्री आहे. आता प्लंबरची पांढरी टेफ्लॉन टेप घ्या. एक्स्टेंडरचे आटे आपल्याकडे तोंड करून धरा आणि टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं, ताणून, दोन वेढे गुंडाळा. उलट दिशेनं गुंडाळली तर पिळताना ती सुटत जाते आणि जोडाच्या बाहेर पांढऱ्या शेवयांसारखी लोंबायला लागते. दोनच वेढे. चार-पाच घेतले तर आटे पूर्ण बसत नाहीत आणि उलट जास्त गळतं. नळीचं तोंड टेपनं झाकलं जाणार नाही याची काळजी घ्या. टेपची चिंधी आत गेली की बुचाखाली अडकते. ओ-रिंग असेल तर टेप नको.

एक्स्टेंडर आधी बोटांनी पिळा. आटे सरळ लागले तर तो लोण्यासारखा जातो, अडखळला तर उलटा फिरवून पुन्हा सुरू करा. बोटांनी घट्ट झाल्यावर पान्यानं साधारण पाव फेरा. मग वरच्या टोकाला कोअर, त्याच्याही आट्यांना एखादा वेढा टेप, आणि तो किंचित कमी घट्ट. यामागे कारण आहे. पुढे कधी कोअर खोलायची वेळ आली तर कोअर आधी सुटला पाहिजे, खालचा जोड नाही.

आता पंक्चरवाल्याची घमेल्याची युक्ती. ट्यूबमध्ये दोन-चार पंप हवा भरा, जेमतेम आकार धरेल एवढी, आणि दोन्ही जोड पाण्यात बुडवा. बादली चालेल, परात चालेल. बुडबुडे दिसले तर तिथंच दुरुस्त करा.

हे मी एकदा टाळलं होतं. मागचं चाक रोज सकाळी मऊ. ट्यूब काढली, एक्स्टेंडर उतरवला, कोअर परत ट्यूबला लावला, पाण्यात बुडवली, कुठंही बुडबुडा नाही. परत बसवली, सकाळी पुन्हा मऊ. टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधला, रिम टेप बदलली, शेवटी नवी ट्यूब घातली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी डोक्यात उजेड पडला. गळत होता तो एक्स्टेंडरचा जोड, आणि तपासताना मी दर वेळी नेमका तोच काढून बाजूला ठेवत होतो.

बसवताना दांडी भोकातून सरळ बाहेर काढा. बाहेर दिसतो तो आता एक्स्टेंडर, त्यावर बहुधा आटे नसतात, त्यामुळे ट्यूबबरोबर येणारी रिमची गोल नट लागणार नाही. नसली तरी बिघडत नाही. फक्त पहिल्यांदा पंप लावताना दांडी आत ढकलली जाते. म्हणून पंपाचं तोंड लावताना दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं टायर व्हॉल्व्हच्या बरोबर वरून दाबून धरा. आणि थोडी हवा भरून झाल्यावर एकदा दांडी किंचित आत ढकलून सोडा, म्हणजे दांडीच्या पायथ्याजवळ टायरची कड ट्यूबवर बसली असेल तर ती मोकळी होते.

हवा किती, हा वेगळा विषय, पण एक इशारा इथंच. तुमची रिम हुकलेस असेल, म्हणजे टायर धरणारी आतली कड सरळ असेल, तर तिची कमाल मर्यादा ७२.५ पीएसआय, म्हणजे ५ बार आहे. ‘मी तर नेहमी शंभर मारतो’ हे तिथं चालत नाही.

पंपाची कुरबुर

काही छोट्या पंपांची नळी व्हॉल्व्हवर आटे देऊन चढवायची असते. भरून झालं, नळी उलटी फिरवली की नळीबरोबर कोअरही बाहेर, आणि सगळी हवा फुस्स. कोअर पान्यानं घट्ट केलेला नसला की हे हमखास होतं. एक्स्टेंडर लावल्यावर तर सुटायला दोन जागा झाल्या. असा पंप असेल तर नळी हाताच्या जोरानं आवळू नका, हवा गळणं थांबेल एवढीच फिरवा.

पेट्रोल पंपावरच्या हवेसाठी प्रेस्टावरून श्रेडर करणारा पितळी अडॅप्टर मिळतो, बोराएवढा. एक्स्टेंडरच्या टोकाला कोअर असेल तर त्याच्यावर तो बसतो. पिशवीत एक असावा, पण कॉम्प्रेसरच्या हवेला रोड टायरच्या नाजूकपणाची कल्पना नसते. एक-दोन सेकंदांचे टप्पे घ्या आणि प्रत्येक टप्प्यानंतर टायर अंगठ्यानं दाबून बघा.

गोव्यात २०१९ पासून होणाऱ्या आयर्नमॅन ७०.३ ला, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशा सलग शर्यतीला, सायकली आदल्या दिवशी जमा कराव्या लागतात आणि पहाटे, स्विमच्या आधी, हवा भरायला गर्दी उडते. त्या वेळी हातात जो पंप येतो तो आपला नसतो. ९० किमीच्या सायकलिंगसाठी झकास ८० च्या रिमा लावून आलेल्यांची तारांबळ उडते ती बहुतेक तेरा-चौदा मिमीच बाहेर आलेल्या व्हॉल्व्हमुळे. घरच्या पंपाला पुरतं तेवढ्यावर थांबू नका, परक्या पंपालाही पुरेल एवढा व्हॉल्व्ह बाहेर ठेवा.

टिकटिक

डीप कार्बन रिम म्हणजे ढोलकं. आतली दांडी भोकाच्या कडेला एवढीशी आपटली तरी टिकटिक आवाज येतो, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला, लयीत. लोक बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलच्या मधलं बेअरिंग, खोलायला निघतात. आधी व्हॉल्व्ह बोटांनी धरून हलवून बघा. उपाय सोपा: इन्सुलेशन टेपचा चौकोनी तुकडा, मधोमध सुईनं भोक, ते भोक एक्स्टेंडरवर ओढून घ्या आणि टेप रिमला चिकटवा. टेप दांडीला आवळून बसली पाहिजे. नळाच्या दुकानात मिळणारी योग्य मापाची ओ-रिंगही चालते.

ट्यूबलेस आणि डिस्क चाक

ट्यूबलेसला एक्स्टेंडर शक्यतो नकोच. त्यात पंक्चर बुजवायला घालतात ते पातळ सीलंट बारीक नळीत सुकतं, आणि एक्स्टेंडर म्हणजे सुकायला आणखी लांब नळी. शिवाय ठरावीक महिन्यांनी नवं सीलंट घालायला कोअर काढायचा, म्हणजे टेप केलेला जोड परत परत हलणार. ट्यूबलेसचे लांब व्हॉल्व्ह वेगळे मिळतात, १०० मिमीपर्यंतचेही. तेच घ्या.

पूर्ण डिस्क चाकाला, म्हणजे स्पोकच्या जागी सलग तबकडी असलेल्या चाकाला, एका बाजूला व्हॉल्व्हसाठी खिडकी असते आणि तिच्यात सरळ पंपाचं तोंड मावत नाही. तिथं एक्स्टेंडरपेक्षा काटकोनात वळलेला अडॅप्टर लागतो. पंपाच्या नळीला जोडायचा आणि हवा भरून झाल्यावर काढून घ्यायचा.

पिशवीत काय

डीप रिमवाल्यांच्या पिशवीत मी चार गोष्टी बघतो: बदली ट्यूब, टोपीचा एक्स्टेंडर, कोअरचा पाना आणि टेफ्लॉन टेप. टेपचं अख्खं रीळ कशाला, पेनच्या रिफिलवर हातभर गुंडाळून ठेवा. बदली ट्यूबला एक्स्टेंडर आधीच लावून, पाण्यात तपासून, गुंडाळून ठेवलात तर याहून बरं. हे न केल्यामुळे मी एकदा कामशेतच्या अलीकडे जुन्या मुंबई-पुणे हायवेवर पाऊण तास उभा होतो. ट्यूब होती, पंप होता. एक्स्टेंडर मात्र फाटलेल्या ट्यूबच्या दांडीत घट्ट अडकलेला आणि पाना घरी. शेजारच्या पंक्चरच्या टपरीतल्या मामांनी चाक उलटसुलट करून बघितलं, भोकात एक डोळा लावला आणि विचारलं, ‘याचा वाल चोरीला गेला का?’ घरी आलो ते एका टेम्पोत, कोबीच्या पोत्यांवर बसून.

तेव्हापासून नवी चाकं घेणाऱ्या प्रत्येकाला मी एक काम सांगतो. पहिल्या लांब राइडच्या आधी, घराच्या अंगणात किंवा पार्किंगमध्ये, मागच्या टायरची हवा स्वतःहून सोडा. घरातला मोठा पंप कपाटात बंद करा. फक्त पिशवीतल्या सामानावर ट्यूब बदला आणि हवा भरा. पहिल्यांदा अर्धा तास लागेल, काहीतरी सापडणार नाही, कुणीतरी गॅलरीतून ‘काय झालं?’ विचारेल. जे सापडलं नाही ते त्याच दिवशी पिशवीत टाका.